जावरची जस्त-चांदीची खाण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उदयपूरला गेलेला माणूस पिछोला तलाव बघतो, सिटी पॅलेस बघतो आणि परत येतो. मी जावरला गेले होते असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "तिथे काय आहे?" मग मी एक फोटो दाखवते. डोंगरउतारावरच्या एका घराची भिंत, आणि ती भिंत विटांची नाही, दगडाची नाही, तर जळून काळ्या-हिरव्या पडलेल्या मातीच्या नळकांड्यांची. एकावर एक रचलेली शेकडो नळकांडी. त्यानंतर जे प्रश्न सुरू होतात ते बहुधा ठरलेलेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

जावर नेमकं कुठे आहे? वाळवंटात का?

राजस्थान म्हटलं की वाळूच डोळ्यांसमोर येते, पण जावर वाळवंटात नाही. उदयपूरच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरात, टीडी नदीच्या काठी हे ठिकाण आहे. थरचं वाळवंट अरवलीच्या पलीकडे, पश्चिमेला. इकडचे डोंगर उन्हाळ्यात करडे आणि उघडेबोडके दिसतात, पळस तेवढा पेटलेला असतो. पाऊस पडला की हेच डोंगर सह्याद्रीतल्यासारखे हिरवे होतात. मोचिया, बलारिया, जावरमाला आणि बरोई ही इथल्या खाणींची नावं. त्यातली बरीचशी मूळची डोंगरांचीच नावं आहेत.

एवढं कौतुक कशाचं? खाणी तर देशात हजार असतील.

खाणी आहेत, आणि यापेक्षा खोल, यापेक्षा मोठ्याही आहेत. माझ्या मते जावरची करामत खणण्यात नाही, ती गाळण्यात आहे. मोठ्या प्रमाणावर, कारखान्यासारखं, शुद्ध धातुरूपात जस्त काढल्याचा जगातला सर्वात जुना ठोस पुरावा इथे सापडला. तेराव्या-चौदाव्या शतकात इथे भट्ट्यांच्या रांगा धडाडत होत्या. युरोपात अशा प्रमाणावर जस्त निघायला त्यानंतर चारशे वर्षं जावी लागली. अमेरिकेतल्या 'एएसएम इंटरनॅशनल' या धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९८८ मध्ये जावरला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला.

लोखंड, तांबं हजारो वर्षांपासून निघतंय. जस्तच इतकं अवघड का?

हा प्रश्न कुणी विचारला की मला फार बरं वाटतं, कारण सगळी गंमत इथेच आहे.

तांब्याचा दगड कोळशाबरोबर भट्टीत घातला की धातू वितळून तळाशी बसतो. भट्टी थंड झाल्यावर फोडायची, गोळा उचलायचा. शिशाचंही तेच. जस्ताचं तसं नाही. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ९०७ अंशाला उकळून त्याची वाफ होते. पण त्याच्या भस्मातून, म्हणजे ऑक्साइडमधून, कोळशाच्या मदतीने ते बाहेर काढायचं तर भट्टी हजार अंशांच्या वर न्यावी लागते. थोडक्यात, जस्त जन्माला येतं तेच वाफ होऊन. ती वाफ उघड्या भट्टीत हवेला भिडली की क्षणात पुन्हा पांढरं भस्म. हातात काय राहिलं? धूर.

म्हणून जगभर लोकांनी हजारो वर्षं जस्ताचा दगड वापरला, पितळ केलं, पण जस्त डोळ्यांनी पाहिलं नाही. तांब्याचे तुकडे, जस्ताचा भाजलेला दगड आणि कोळसा बंद मुशीत, म्हणजे धातू गाळायच्या मातीच्या भांड्यात, घालून तापवायचं. वाफ बाहेर पडण्याआधीच तांबं ती शोषून घेतं आणि पितळ होतं. ही जुनी रीत. तिच्यात एक मर्यादा आहे: या वाटेने पितळात जस्ताचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांच्या पुढे जात नाही. त्याहून जास्त हवं तर जस्त सुटं, धातू म्हणून हाताशी असावं लागतं.

मग जावरच्या लोकांनी ही वाफ पकडली कशी?

उलटी मूस ठेवून.

थोडं सविस्तर सांगते. आधी दगड फोडून, निवडून उघड्यावर भाजायचा. त्यातलं गंधक जळून जातं आणि भस्म उरतं. त्यात कोळशाची पूड, मीठ वगैरे मिसळून लहान गोळ्या वळायच्या. या गोळ्या मातीच्या मुशीत भरायच्या. मूस वांग्याच्या आकाराची, साधारण वीतभर ते दीड वीत लांब, एका टोकाला बंद. उघड्या तोंडाला मातीचीच निमुळती नळी लिंपून बसवायची. मग मूस उलटी करून, नळी खाली अशी, भट्टीत लावायची.

उलटी केल्यावर आतल्या गोळ्या नळीतून खाली कशा पडत नाहीत? नळीतून आत बोरूसारखी एक काडी खुपसलेली असायची. ती गोळ्यांना धरून ठेवायची. भट्टी तापली की गोळ्या एकमेकींना चिकटून घट्ट व्हायच्या आणि तोवर काडी जळून जायची. तिच्या जागी मधोमध एक पोकळ वाट उरायची आणि तीच वाफेची वाट. जिचं काम संपलं की तिनेच नाहीसं व्हायचं, अशी काडी. हे ज्याला सुचलं त्याचं नाव कुठेही नोंदलेलं नाही.

भट्टी दुमजली. मध्ये भाजलेल्या मातीच्या, भोकं पाडलेल्या चार चौकोनी फरशा. एकेका फरशीत मुशीसाठी नऊ मोठी भोकं, आणि हवा खेळायला व राख खाली पडायला बरीच लहान. चार फरशांवर मिळून ३६ मुशी, सहा बाय सहा. वरच्या खणात विस्तव, अकराशे अंशांच्या आसपास. खालचा खण थंड. मुशीतली वाफ वर जाऊ शकत नाही, वरची बाजू बंद. ती खाली नळीत उतरते, गार होते आणि जस्ताचे थेंब खालच्या भांड्यात पडतात. कोळशाच्या वायूने नळी भरलेली असल्यामुळे बाहेरची हवा आत शिरून घात करत नाही.

खरी कसोटी तापमानाची. खालचा खण फार गार झाला तर जस्त नळीतच गोठून तोंड बुजणार, फार तापला तर वाफच राहणार. वर तीन-चार तास एकसारखी आच आणि हातभर खाली त्याच्या निम्म्याने तापमान, तेही तापमापक नसताना. अशा सात भट्ट्या एका रांगेत सापडल्या. म्हणजे एका वेळी २५२ मुशी. एका मुशीतून मिळणार काही शे ग्रॅम जस्त आणि मूस एकदाच वापरायची. आता ती भिंत कशाची आहे ते कळलं असेल.

हे सगळं कुणी शोधून काढलं?

मुशींचे ढीग गावकऱ्यांना आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना कायमच दिसत होते. लाखो टन भंगार लपणार कुठे! पण भट्टी कुणी पाहिली नव्हती. १९८० च्या दशकात हिंदुस्तान झिंक (आज ही खाण चालवणारी कंपनी), बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून इथे उत्खनन केलं. पॉल क्रॅडॉक, के. टी. एम. हेगडे, एल. के. गुर्जर, लिन विलिस ही त्यातली मुख्य नावं. १९८३ मध्ये ढिगाखाली भट्ट्यांची रांग मिळाली. काही मुशी जागच्या जागी होत्या, शेवटच्या भट्टीनंतर कुणी काढल्याच नव्हत्या. रिकाम्या नाहीत, आतला माल तसाच. काडीची वाट त्यातच दिसली.

जुन्या ग्रंथांत याचा उल्लेख आहे का, की पुरावा फक्त मातीतच?

आहे, आणि चांगला नेमका आहे. रसशास्त्राच्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात 'वृन्ताक मूषा' सांगितली आहे. वृन्ताक म्हणजे वांगं. तिला बारा अंगुळं लांबीची नळी आणि नळीचं तोंड धोत्र्याच्या फुलासारखं पसरट. रसक, म्हणजे जस्ताचा दगड, हळद, हिरडा, राळ, मीठ, घरातली काजळी, टाकणखार यांच्याबरोबर खलायचा आणि या मुशीत भरून फुंकायचा. ज्वाळेचा निळा रंग पांढरा झाला की मूस सांडशीने धरून उलटी करायची. त्यातून पडतं ते 'वंगाभ' सत्त्व, म्हणजे कथलासारखं चमकणारं. दुसऱ्या एका कृतीत खाली पाण्याचं भांडं, त्यावर भोकांची थाळी आणि तिच्यावर उलटी मूस असंही वर्णन येतं.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हे वर्णन विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इंग्रजीत मांडलं होतं. तेव्हा अनेकांना ती किमयागारांची कल्पना वाटली असेल. जावरची भट्टी सापडल्यावर वांगं आणि धोत्र्याचं फूल दोन्ही प्रत्यक्ष हातात आलं. मात्र एक लक्षात ठेवा: पोथी आधी आणि भट्टी नंतर, की भट्टीवाल्यांचं बघून पोथीवाल्यांनी लिहिलं, हे एवढ्यावरून ठरवता येत नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.

खाण स्वतः किती जुनी?

गाळण्याच्या कारखान्यापेक्षा पुष्कळच जुनी. जुन्या बोगद्यांत सापडलेल्या लाकडांचं कार्बन-१४ पद्धतीने वय काढलं, ते इसवी सनापूर्वी चारशे-पाचशेच्या आसपास जातं. म्हणजे मौर्यांच्याही आधी इथे माणसं जमिनीखाली काम करत होती. इ.स. ६४६ च्या सामोली शिलालेखात जेंतक नावाच्या महत्तराने (प्रमुखाने) अरण्यकूपगिरी इथे खाण सुरू केल्याचा उल्लेख आहे. ही जागा म्हणजे जावरच असं अनेक अभ्यासक मानतात. महाराणा लाखा (राज्यकाळ चौदाव्या शतकाची अखेर आणि पंधराव्याची सुरुवात) यांच्या वेळी इथे चांदी सापडली असं मेवाडची परंपरा सांगते. 'सापडली' म्हणण्यापेक्षा कामाला पुन्हा जोर आला असं म्हणणं बरं.

सुरुंगाची दारू नव्हती, मग खडक फोडला कसा?

आग लावून. खडकाला टेकून लाकडं रचायची, पेटवायची आणि निघून यायचं. तापलेला दगड तडकतो, पापुद्रे सुटतात. मग छिन्नी-हातोड्याने आणि पहारीने ते पाडायचे. अशा बोगद्यांच्या भिंती खरबरीत नसतात, गोलाकार आणि गुळगुळीत असतात, चुलीच्या आतल्या बाजूसारख्या. त्यावर काजळी. छप्पर कोसळू नये म्हणून मध्ये मध्ये खडकाचे खांब न खोदता सोडलेले. चढउतार करायला झाडाचं खोड, त्याला खाचा पाडून पायऱ्या केलेल्या. उजेड म्हणाल तर पणतीचा. धूर बाहेर जाईपर्यंत आत कुणालाच जाता येत नसणार, त्यामुळे कामाचा वेग काय असेल तो ओळखा.

नक्की जस्ताची खाण की चांदीची?

दोन्ही, आणि शिशाचीही. इथल्या डोलोमाइट खडकात स्फॅलेराइट (जस्ताचं खनिज) आणि गॅलेना (शिशाचं) एकत्र असतात. चांदी गॅलेनात अगदी थोडी, लपून असते. ती काढायची रीत जुनी आणि सगळीकडे एकच. आधी शिसं गाळायचं, मग ते उघड्या भट्टीत हवा मारून तापवत ठेवायचं. शिशाचं मुरदाडशिंग (शिशाचं भस्म) होतं आणि वेगळं होतं. चांदी मात्र हवेला बधत नाही, ती तेवढी मण्यासारखी उरते. सुरुवातीच्या शतकांत लोक इथे आले ते बहुधा चांदी-शिशासाठी. जस्ताचा दगड तेव्हा नकोसा असणार. पुढे त्याचीच खाण झाली.

जुनी इंग्रजी पुस्तकं जावरला कथलाची खाण म्हणतात. चूक आहे का?

चूक आहे, पण समजण्यासारखी. कर्नल जेम्स टॉडने एकोणिसाव्या शतकात राजस्थानचा इतिहास लिहिला तेव्हा 'जावराच्या कथलाच्या खाणी' असंच म्हटलं. जावरला कथील नाही. पण वर 'वंगाभ' शब्द आलाच आहे. दिसायला दोन्ही पांढरी, मऊसर. आपल्याकडेही हा गोंधळ घरोघरी आहे. पितळी भांड्यांना कल्हई करतात ती कथलाची, नवसागर लावून. जस्ताची नव्हे. आणि आपण ज्याला 'जस्ताची बादली' म्हणतो ती लोखंडी पत्र्याची, जस्त फक्त वरून चढवलेलं. संस्कृतात यशद किंवा जसद, मराठीत जस्त.

महाराणा प्रताप या खाणीत लपले होते, हे खरं?

टॉडने दिलेली हकिकत अशी: मोगल पाठीवर असताना भिल्लांनी प्रतापांच्या कुटुंबाला वेताच्या टोपल्यांतून उचलून जावरच्या खाणीत नेलं, तिथे त्यांची राखण केली, जेवू घातलं. जावर आणि चावंडच्या झाडांना कड्या आणि खिळे अजून आहेत, ज्यांना राजपुत्रांच्या टोपल्या टांगत, असंही तो लिहितो. चावंड ही प्रतापांची शेवटची राजधानी आणि ती इथून जवळच आहे. कड्यांची गोष्ट दंतकथेकडे झुकते. पण डोंगराच्या पोटात मोठमोठ्या गुहा, त्यांची वाट फक्त स्थानिकांना ठाऊक, अशा जागी आसरा घेतला असेल यात अशक्य काही वाटत नाही. गुहेत शिरलं की पटतं.

खाण मराठ्यांमुळे बंद पडली असं तिथे ऐकलं. खरं का?

मराठी माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही, म्हणून सरळ उत्तर देते. अंशतः खरं आहे. १७३६ मध्ये पहिले बाजीराव उदयपूरला गेले आणि मेवाडने वर्षाला दीड लाख रुपये द्यायचं कबूल केलं. पुढे शिंदे-होळकरांच्या मागण्या वाढतच गेल्या. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला आणि मोठी खंडणी घेऊनच तो उठला. ज्या राज्याची तिजोरी अशी रिकामी होते तिथे खाणीत पाणी उपसायला, लाकूडफाटा आणायला पैसा कुठून येणार? जंगल, माणसं आणि सुरक्षित रस्ते, या तिन्हींवर हा धंदा उभा होता.

पण सगळं पाप मराठ्यांच्या माथी मारणंही बरोबर नाही. टॉडला मराठ्यांबद्दल आकस होता, तो त्याच्या पानापानांत दिसतो. मेवाडची आपसातली भांडणंही कमी नव्हती. खाण शेवटी थांबली ती १८१२-१३ च्या दुष्काळात. माणसं गाव सोडून गेली आणि त्यांच्याबरोबर हातातली विद्या गेली.

इंग्रजांनी जस्ताची युक्ती इथून चोरली का?

समाजमाध्यमांवर हे फार फिरतं. ठाऊक आहे ते एवढंच: ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये जस्त काढण्याचं पेटंट घेतलं, आणि त्याची पद्धतही वाफ खाली उतरवून गार करण्याची होती. चीनमध्येही जस्त निघत होतं, पण तिथली रीत वेगळी. वाफ भांड्याच्या वरच्या भागातच पकडायची. चॅम्पियनचं जावरशी असलेलं साम्य नजरेत भरतं, म्हणून अभ्यासकांनी शंका घेतली आहे. मात्र जावरचं ज्ञान ब्रिस्टलला कसं पोचलं याचा एकही कागद मिळालेला नाही. चोरी म्हणायला पुरावा लागतो.

एवढ्या जस्ताचं करायचे काय?

मुख्यतः पितळ. सुटं जस्त आलं की तांब्यात हवं तेवढं मोजून घालता येतं, रंग आणि कडकपणा ठरवता येतो. बिदरी काम पाहिलं असेल, काळ्याभोर सुरईवर चांदीची वेलबुट्टी. त्या धातूत बहुतांश जस्तच असतं, तांबं अगदी थोडं. वैद्यांचं यशद भस्म वेगळं. ते पोटात घ्यायचं की नाही हे वैद्यालाच विचारा, मला नको.

आज खाण चालू आहे का?

चालू आहे. १९४० च्या दशकात मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने पुन्हा काम काढलं. १९६६ मध्ये हिंदुस्तान झिंक ही सरकारी कंपनी झाली, २००२ पासून ती आजच्या वेदांत समूहाकडे आहे. चारही खाणी भूमिगत आहेत. आता माल अर्थात मुशीत गाळत नाहीत. आणखी एक, जावरला फुटबॉलचं वेड आहे. खाणकामगारांच्या वस्तीतल्या मैदानावर एकेकाळचे केंद्रीय पोलाद-खाण मंत्री मोहन कुमारमंगलम यांच्या नावाची स्पर्धा होते, आणि ती बघायला डोंगरातले पाडेच्या पाडे उतरतात.

बघायला जाता येतं का? काय बघायचं?

चालू खाणीत परवानगीशिवाय कुणी सोडत नाही, आणि जुन्या बोगद्यांत वाटाड्याशिवाय शिरू नका. काही ठिकाणी जमीन एकदम खाली जाते आणि वटवाघळं असतात. उघड्यावर बघण्यासारखं पुष्कळ आहे. जावर मातेचं देऊळ, पडझड झालेली जैन मंदिरं, महाराणा कुंभांची कन्या रमाबाई हिने पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं रमास्वामी मंदिर आणि शेजारचं रमाकुंड. त्यांचं कोरीव काम बघताना जस्त-चांदीचा पैसा कुठे गेला ते कळतं. उदयपूर-अहमदाबाद हमरस्त्याने गाडीने जाणं सोपं. ऑक्टोबर २०२२ पासून उदयपूर-असारवा (अहमदाबाद) ब्रॉडगेज गाडीही या डोंगरांतून जाते.

मुशीचा एखादा तुकडा आठवण म्हणून आणला तर?

आणू नका. मीही नाही आणला. हातात मात्र जरूर घेऊन बघा. बाहेरून आचेने काच चढलेली, हिरवट-करडी, बोट फिरवलं तर गुळगुळीत. आत खरबरीत, काळपट. नळीच्या जोडाजवळ लिंपलेल्या मातीचा थर असतो. माझ्या हातात आलेल्या तुकड्यावर त्या थरात एक खळगा होता, अंगठ्याने दाबल्यासारखा. माझा अंगठा त्यात बसला नाही. खळगा लहान होता.